फॉरमॅट मारण्याआधी

आमच्या घरातला संगणक दोन वर्षांपूर्वी मध्येच आपोआप रिस्टार्ट व्हायला लागला. कधी दिवसातून दोनदा, कधी चार-चार दिवस काहीच नाही. मुलीचा कॉलेजचा प्रकल्प अर्धा टाइप झालेला असायचा आणि पडदा काळा व्हायचा. दुकानात नेला, तर तिथे तो दोन दिवस सुरळीत चालला. ‘व्हायरस असेल, फॉरमॅट मारून देतो,’ असं म्हणून त्यांनी विंडोज नव्यानं टाकून दिलं. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा फॉरमॅट, मग नवी रॅम. शेवटी दोष सापडला तो संगणकाच्या बाहेर. युपीएसची बॅटरी मेलेली होती आणि सोसायटीची पाण्याची मोटर सुरू झाली की विजेचा दाब क्षणभर खाली जायचा.

हे कळलं भिंतीवरच्या दिनदर्शिकेमुळे. संगणक बंद पडला की त्या तारखेच्या चौकटीत वेळ लिहायची, एवढंच आम्ही तीन आठवडे केलं. सकाळी साडेसहाच्या आसपास आणि संध्याकाळी सातच्या आसपास, पुन्हा पुन्हा त्याच वेळा. सोसायटीचा पंप बघणाऱ्या शेजारच्या काकांनी त्या वेळा वाचल्या आणि लगेच ओळखलं.

कायम बंद असलेला संगणक दुरुस्त करणं त्या मानानं सोपं. अधूनमधून बंद पडणारा संगणक अवघड, कारण दुरुस्ती करणाऱ्यासमोर तो दोष हजरच होत नाही. तो तुमच्या घरात, तुमच्या वेळेला होतो. म्हणून त्याचा पहिला तपासही तुम्हालाच करावा लागतो. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. एक वही, थोडा धीर आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची शिस्त हवी.

त्याही आधीचं काम म्हणजे बॅकअप. फोटो, कागदपत्रं, हिशोबाच्या फायली दुसऱ्या हार्ड डिस्कवर आजच उतरवून घ्या. दोष डिस्कमध्येच असेल, तर पुढच्या प्रत्येक चाचणीनं ती आणखी थकते. शोध उद्यापर्यंत थांबला तरी चालेल, बॅकअप थांबायला नको.

वहीत काय लिहायचं? तारीख आणि वेळ. काय चालू होतं: गेम, व्हिडिओ, नुसतं टायपिंग की काहीच नाही. सुरू केल्यावर किती मिनिटांनी बंद पडला. त्या वेळी घरात फ्रिज, मिक्सर, गीझर, मोटर यांतलं काही सुरू झालं का. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बंद कसा पडला. बोलताना आपण सगळ्यालाच ‘हँग झाला’ म्हणतो, पण त्यात चार वेगळे आजार दडलेले असतात. वीज गेल्यासारखा झटक्यात बंद होणं हा एक. संदेश दाखवून रिस्टार्ट होणं हा दुसरा. चित्र तसंच गोठून माऊसही न हलणं हा तिसरा. आणि फक्त एकच प्रोग्रॅम बंद पडून बाकी सगळं नीट चालणं हा चौथा. या चौथ्या प्रकारात बहुतेक वेळा संगणक निर्दोष असतो. तो प्रोग्रॅम काढून नव्यानं टाका किंवा अपडेट करा.

संदेश दाखवणारा पडदा वर्षानुवर्षं निळा होता. २०२५ पासून विंडोज ११ मध्ये तो काळा झाला आहे. अनेकदा तो वाचायच्या आतच संगणक रिस्टार्ट होतो. त्यावर उपाय आहे. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ हे शब्द इंग्रजीत टाइप करा, येणाऱ्या खिडकीत ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ खालचं सेटिंग्जचं बटण दाबा आणि ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ समोरची खूण काढून टाका. आता पडदा जागेवर थांबेल. त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

संगणक स्वतःही एक डायरी ठेवत असतो आणि ती फार थोडे लोक उघडून बघतात. शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ असं इंग्रजीत टाइप केलं की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ हा पर्याय येतो. त्यात दिवसांचा आलेख दिसतो आणि ज्या दिवशी काही कोसळलं, त्या दिवसावर लाल फुली असते. त्याच आलेखात कोणत्या दिवशी कोणता ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम टाकला, हेही दिसतं. फुल्या कधीपासून सुरू झाल्या आणि त्याच्या आदल्या दिवशी काय टाकलं, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कोडी सुटतात.

थोडं खोलात जायचं असेल तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ आहे. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली की लोक घाबरतात आणि तेच कारण समजून बसतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. मात्र ती उघडून तपशिलात ‘बगचेककोड’ शून्य आहे का, ते पाहा. शून्य असेल तर विंडोजला संदेश लिहायलाही वेळ मिळालेला नाही. म्हणजे वीज तुटली, आतल्या संरक्षणानं संगणक बंद केला किंवा तो पुरता गोठला. तिथून शोध वीज आणि उष्णता यांच्याकडे वळवायचा. ‘व्हीआ-लॉगर’ नावाच्या नोंदी असतील, तर खुद्द हार्डवेअरनंच तक्रार नोंदवलेली आहे.

वीज, अर्थिंग आणि एसएमपीएस

घरच्या संगणकाच्या तपासाची सुरुवात मी भिंतीतल्या सॉकेटपासून करते, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच होतं. प्लग सैल आहे का? एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर संगणक, प्रिंटर, राउटर आणि इस्त्री अशी गर्दी आहे का? एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या भागांना वीज देणाऱ्या पेटीच्या, मागची पॉवर कॉर्ड हलवली की दिवा फडफडतो का? पंप किंवा फ्रिजची मोटर सुरू होताना काही क्षण तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. वायरिंग जुनं असेल, तर तेवढ्यात दाब खाली येतो. अशा वेळी युपीएसनं क्षणात बॅटरीवर जायचं असतं. बॅटरी मेलेली असेल तर युपीएसचा हिरवा दिवा चालू राहतो आणि संगणक मात्र रिस्टार्ट होतो.

घरगुती ६०० व्हीएच्या युपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. ती तपासण्याची सुरक्षित रीत अशी. संगणक सुरू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसच्या पडद्यावर जा आणि तिथेच थांबा. मग युपीएसचा भिंतीतला प्लग काढा. बायोसमध्ये डिस्कवर काहीही लिहिलं जात नसतं, म्हणून संगणक झटक्यात बंद झाला तरी फायलींचं नुकसान होत नाही. पाच मिनिटं तग धरली तर बॅटरी ठीक. लगेच अंधार झाला तर बॅटरी बदला, अख्खा युपीएस बदलायची गरज नाही.

अर्थिंगचा प्रश्न जुन्या वाड्यांत, चाळींत आणि कित्येक नव्या इमारतींतही असतो. तीन पिनांचा सॉकेट असतो, पण वरच्या मोठ्या भोकाला मागे तारच जोडलेली नसते. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर ही खूण समजा. एसएमपीएसमध्ये विजेचा गोंगाट गाळणारे छोटे कॅपॅसिटर असतात. ते किंचित प्रवाह कॅबिनेटकडे सोडतात आणि तो अर्थिंगवाटे जमिनीत जायला हवा. वाट नसेल, तर तो कॅबिनेटवरच राहतो आणि हात लावणाऱ्याला जाणवतो. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. फेज आणि अर्थ यांच्यात साधारण २३० व्होल्ट दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या फार वर नको. हे काम फक्त संगणकासाठी नाही, घरातल्या माणसांसाठी करून घ्या.

आता एसएमपीएस. असेंबल केलेल्या संगणकात पैसे वाचवायचे म्हटलं की पहिली कात्री यालाच लागते. हे मला मनापासून चुकीचं वाटतं, कारण आतल्या प्रत्येक भागाला तोच वीज देतो. १२ व्होल्टच्या वाहिनीवर मानकाप्रमाणे ११.४ ते १२.६ एवढीच सूट असते. बायोसमध्ये हा आकडा दिसतो, पण तो आरामात बसलेल्या संगणकाचा आकडा असतो. भार पडल्यावरची घसरण तिथे कळत नाही. घरच्या घरी खात्री करण्याचा एकच मार्ग आहे: ओळखीच्या कुणाचा तरी चांगला एसएमपीएस चार दिवस लावून बघणे. एसएमपीएसची पेटी मात्र स्वतः कधीही उघडू नका. प्लग काढल्यानंतरही तिच्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब साठलेला असू शकतो.

एक छोटी गोष्ट इथेच सांगते, कारण ती कुणाच्या ध्यानात येत नाही. कॅबिनेटच्या दर्शनी भागावरचं रिसेटचं बटण अडकलेलं किंवा आतून गंजलेलं असेल, तर ते स्वतःच संगणक रिस्टार्ट करत राहतं. मदरबोर्डवरून त्या बटणाच्या दोन तारा काढून ठेवा. संगणक त्यांच्याविना उत्तम चालतो.

उष्णता, धूळ, दमट हवा

झटक्यात बंद होण्याची दोन कारणं, उष्णता आणि एसएमपीएस, एकमेकांसारखी दिसतात. त्यांना वेगळं करायला वहीतली ‘किती मिनिटांनी’ ही नोंद उपयोगी पडते. उष्णता साठायला वेळ लागतो. गेम सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी बंद, लगेच पुन्हा सुरू केला तर आणखी लवकर बंद, ही उष्णतेची चाल. गेमचा भारी प्रसंग आला त्याच क्षणी बंद आणि नंतर तासभर ठीक, ही बहुधा एसएमपीएसची चाल.

प्रोसेसरचं तापमान ‘एचडब्ल्यूइन्फो’ किंवा ‘कोअर टेम्प’ यांसारखे मोफत प्रोग्रॅम दाखवतात. जड काम करताना ८०-८५ अंशांपर्यंत जाणं चिंतेचं नाही. शंभराच्या आसपास पोचला की प्रोसेसर आधी वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर संगणक बंद करतो. हीटसिंक आतली उष्णता खोलीच्या हवेत सोडतो, म्हणून खोली जितकी तापते तितका आतला आकडाही चढतो. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीचंच तापमान ४० असेल, तर २५ अंशांच्या वातानुकूलित दुकानात ठणठणीत दिसलेला संगणक घरी १५ अंशांनी जास्त तापणार. दुकानात दोष न दिसण्याचं हेही एक कारण आहे.

सफाई करताना प्लग काढा, कॅबिनेटच्या धातूला आधी हात लावून अंगातली स्थिर वीज उतरू द्या, मऊ ब्रशनं आणि ब्लोअरनं धूळ काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. ती हवेनं भरधाव फिरली तर पंख्याचं बेअरिंग बिघडतं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट चार-पाच वर्षांत वाळते. ती वाटाण्याएवढी नव्यानं लावून घ्या.

कोकणात आणि गोव्यात उष्णतेपेक्षा दमट हवेचा त्रास मोठा. पावसाळ्यात दोन आठवडे बंद ठेवलेला संगणक सुरूच होत नाही किंवा सुरू होऊन अडखळतो, कारण रॅमच्या संपर्कपट्टीवर पुट चढतं. दुरुस्तीवाले ती खोडरबरानं पुसतात आणि त्यानं काम होतंही. पण पट्टीवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, म्हणून रबर मऊ हवा आणि हात हलका. त्याहून बरं म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ सुती कापड. पावसाळ्यात संगणक रोज अर्धा तास तरी चालू ठेवा. त्याच्या स्वतःच्या उबेनं तो कोरडा राहतो. मागच्या बाजूची रिकाम्या स्लॉटची पट्टी निघालेली असेल तर बसवून घ्या. झुरळं आणि पाली तिथूनच आत शिरतात.

रोज नवा संदेश येत असेल तर

पडद्यावरचा संदेश आज एक, परवा दुसरा, पुढच्या आठवड्यात तिसराच, कधी डाउनलोड केलेली झिप फाइल उघडताना खराब निघते, कधी ब्राउझरचा एखादा टॅब आपसूक कोसळतो. असं चित्र असेल तर रॅमवर संशय घ्या. रॅमच्या बिघडलेल्या कप्प्यात कधी विंडोजचा भाग येतो, कधी गेमचा, कधी तुमचं पत्र. म्हणून तक्रार दर वेळी वेगळ्या तोंडून येते. एकसारख्या संदेशामागे मात्र बहुधा एखादा ड्रायव्हर असतो.

विंडोजमध्ये ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ नावाची चाचणी आहे, पण ती वरवरची आहे. ‘मेमटेस्ट८६ प्लस’ हा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून संगणक सुरू करा. त्यानं पेन ड्राइव्ह पुसला जातो, म्हणून तो रिकामा घ्या. रात्री झोपताना चाचणी लावा आणि सकाळी बघा. इथे ‘थोड्याशा चुका चालतात’ असं काही नसतं. एक चूक दिसली तरी रॅम सदोष. दोन कांड्या असतील तर एकेक लावून चाचणी घ्या आणि चांगली निघालेली कांडी दुसऱ्या स्लॉटमध्येही तपासा, कारण कधी रॅम चांगली आणि मदरबोर्डचा स्लॉट वाईट असतो. बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ चालू असेल तर ते बंद करून पुन्हा बघा. ती रॅमला नेहमीपेक्षा जास्त वेगानं पळवणारी सोय आहे आणि प्रत्येक जोडणीला ती झेपते असं नाही. नवी रॅम आणण्याआधी जुन्या बिलावरची वॉरंटी वाचा; रॅमवर ती पुष्कळदा बरीच वर्षं असते.

संदेश ज्याच्याकडे बोट दाखवतो, तोच दोषी असतो असं नाही. २०२४ मध्ये याचं मोठं उदाहरण जगानं पाहिलं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम कोसळत होते आणि संदेश यायचा ग्राफिक्सची मेमरी अपुरी असल्याचा. लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली. दोष प्रोसेसरमध्ये होता. वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून त्याची झीज होत होती. इंटेलनं बायोसमधून मिळणाऱ्या सुधारणा दिल्या आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे या पिढीतला प्रोसेसर असेल तर मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरून बायोस अपडेट करून घ्या. जे झिजलं आहे, ते अपडेटनं भरून येत नाही. त्यासाठी वॉरंटीचा हक्क वापरा. बायोस अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये, म्हणून आधी युपीएसची बॅटरी तपासलेली बरी.

गोठणाऱ्या संगणकाचं दुखणं बरेचदा डिस्कमध्ये असतं. माऊस हलतो, पण काहीच उघडत नाही, अर्ध्या मिनिटानं सगळं एकदम उघडतं, जुन्या हार्ड डिस्कमधून टक्-टक् आवाज येतो. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा प्रोग्रॅम डिस्कची प्रकृती निळ्या, पिवळ्या किंवा लाल रंगात दाखवतो. त्यात ०५, सी५ आणि सी६ या ओळींसमोरचे आकडे शून्यावरून वर जाऊ लागले असतील, तर डिस्क बदला. फक्त सी७ वाढत असेल, तर आधी साटा केबल बदलून पाहा. ती स्वस्त आहे आणि पुष्कळदा तेवढ्यानं भागतं.

ड्रायव्हरचा संशय असेल तर ‘सेफ मोड’मध्ये संगणक चालवा. तिथे विंडोज मोजकेच ड्रायव्हर घेऊन चालतं. तिथेही कोसळला तर हार्डवेअर पाहा, तिथे नीट चालला तर अलीकडे टाकलेला ड्रायव्हर मागे न्या. ग्राफिक्स कार्डानं दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करतं. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो तो यामुळे. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. हे प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात शिरून काम करतात आणि तिथली चूक सगळं पाडते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक कोसळले होते. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. विंडोजच्या फायली खराब झाल्याची शंका असेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजीत ‘एसएफसी’, मोकळी जागा, तिरपी रेघ, ‘स्कॅननाऊ’ अशी आज्ञा द्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट’ किंवा ‘रजिस्ट्री साफ’ करून देणारे प्रोग्रॅम टाकू नका. मी त्यांनी नवे बिघाड आणलेलेच जास्त पाहिले आहेत.

आणखी एक इशारा, विशेषतः घरातल्या ज्येष्ठांसाठी. पूर्ण पडदा भरून ‘तुमचा संगणक धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा’ असं कर्कश आवाजासह येतं, तो बिघाड नसतो. ते ब्राउझरमधलं फसवं पान असतं. खऱ्या निळ्या किंवा काळ्या पडद्यावर फोन नंबर नसतो. फोन करू नका, कुणी सांगितलेलं रिमोट अ‍ॅप टाकू नका, संगणक सरळ बंद करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर कळवा.

काहीही बदललं की ते वहीत लिहा आणि दुसरं काही बदलण्याआधी थांबा. किती दिवस? साधा हिशोब आहे. संगणक सरासरी तीन दिवसांनी बंद पडत असेल, तर नऊ दिवस सलग चालल्याशिवाय दुरुस्त झाला असं म्हणू नका. पहिल्या शांत दिवशी हुरळून गेलो, की चुकीच्या उपायाला श्रेय देऊन बसतो. आमची नवी रॅम अशीच चार दिवस ‘लागू पडली’ होती.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर दुकानात जरूर न्या, पण वहीतल्या नोंदींचा फोटो आणि पडद्यावरच्या संदेशांचे फोटो सोबत द्या. चांगला दुरुस्तीवाला ते पाहून खूश होतो, त्याचा निम्मा वेळ वाचतो. कोणता भाग बदलला ते बिलावर लिहून घ्या आणि जुना भाग परत मागा. मला न विचारता फॉरमॅट करू नका, हे स्पष्ट सांगा; शक्य असेल तर कागदावर लिहून द्या.

आमच्या युपीएसमध्ये नवी बॅटरी बसवली, त्या दिवशी मार्करनं तिच्यावर तारीख लिहिली. तुमच्या युपीएसच्या बॅटरीवर तारीख नसेल, तर जुनं बिल शोधून आजच लिहून ठेवा.